तिसऱ्या खड्ड्याची माती

"आधी ती काठी खाली उतरव, मग पाणी पी," समिंद्राकाकू म्हणाल्या. मी मोटारसायकल अजून स्टँडवर लावलीसुद्धा नव्हती.

काठी म्हणजे त्यांच्या गच्चीवरची वीज झेलायची सळई. पंधरा दिवसांपूर्वी ती मीच उभी केली होती. सोलरच्या आठ पॅनेलांच्या शेजारी उंच लोखंडी नळी, तिच्या टोकाला तांब्याचा काटा, आणि तिथून भिंतीवरून थेट जमिनीपर्यंत उतरलेली तांब्याची पट्टी. तेव्हा माझं वय तेवीस होतं. बार्शीच्या एका शेठकडे मी सोलर बसवायच्या कामावर होतो. भूमच्या टेकडीवरच्या वसाहतीतलं हे तांबारेंचं घर म्हणजे मी एकट्यानं पुरं केलेलं पहिलं काम. शेठ निम्म्यातून पुण्याला गेले आणि सगळं माझ्यावर टाकून गेले. त्या दिवसापासून मी स्वतःला मोठा इंजिनिअर समजत होतो.

"काय झालं काकू? पॅनेल बंद पडलं का?"

"पॅनेल चालू हाय. देवी बंद पडली."

मला काही कळलं नाही. काकूंनी कपाळावरचं कुंकू पुसटसं झालं होतं ते बोटानं सारखं केलं आणि उंबऱ्यातच बसल्या. त्यांचा नऊ दिवसांचा अळणी उपास चालू होता. मिठाचा कण तोंडात जायचा नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम, असं त्यांनी मला आधीच्या कामाच्या वेळीच दोनदा ऐकवलं होतं.

"आज सहावी माळ," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या माळंला गव्हाला कोंब दिसतो, पाचव्याला बोटभर होतो. आमच्या घटाला आज सहाव्या दिवशी एक कोंब न्हाई. आमच्याच न्हाई, वसाहतीत सात घरांत घट बसलेत, सातीच्या सात वांझ. इतक्या वर्षांत असं कधी झालं न्हाई. नवं काय आलं वसाहतीत? ही तुझी काठी. वरची वीज खाली वढती म्हनं. तिच्या झळीनं माती जळली."

"काकू, काठीची झळ वगैरे..."

"आन् ही काठी कुनी आनली?" त्यांनी आत बघून आवाज चढवला. "आमच्या सुनंनं. मी हनमंताला सांगितलंय फोनवर. दसऱ्याच्या आत काठी उतरली न्हाई तर हिला काठीसकट माहेरी येरमाळ्याला धाडते. हिचं पाऊलच तसलं."

सून स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. जयमाला तिचं नाव. लग्नाला आठ महिने झाले होते. नवरा हनमंत एस.टी.त कंडक्टर, नवरात्रात तुळजापूरच्या जादा गाड्यांवर ड्यूटी लागलेली, म्हणून दसऱ्यापर्यंत घरी यायचा नव्हता. घरात या दोघीच. काठीचा हट्ट जयमालाचा होता, हे खरं. तिचा धाकटा भाऊ आदल्या वर्षी परतीच्या पावसात शेतात वीज पडून गेला होता. घरावर लोखंड चढणार म्हटल्यावर ती मला एवढंच म्हणाली होती, "दादा, विजेला जमिनीत जायला वाट करा. ती नीट झाली पायजे." मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, "ताई, बिनघोर राहा."

मी तांब्या घेतला, पाणी प्यायलो, आणि काठी उतरवायच्या आधी जमिनीचा आकडा घेतो असं सांगून मीटर काढला. खरं तर मला वेळ हवा होता. घट उगवला नाही याचा काठीशी काय संबंध, हे मला समजेना, आणि साठ वर्षांच्या बाईला तो संबंध नाही हे कसं सांगायचं तेही समजेना.

त्या घराला अर्थिंगचे तीन खड्डे होते. एक पॅनेलांचा, एक आतल्या यंत्राचा आणि तिसरा काठीचा, फाटकाजवळ. जमिनीत विजेला शिरायला किती अडथळा होतो ते मीटर सांगतो. आकडा जितका लहान तितकी वाट मोकळी. पहिले दोन खड्डे ठीक निघाले. तिसऱ्याला पंधरा दिवसांपूर्वी तीन आला होता. शेठनं फोनवर शाबासकी दिली होती. आता काटा एकतीसवर जाऊन बसला.

मी मीटरचे खिळे जमिनीतून काढले, दुसरीकडे ठोकले, वायरी पुसल्या. एकतीस. मीटरवर थाप मारली. एकतीस.

मी घाबरलो, आणि त्याला कारण होतं. ते आज सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. काठीचा खड्डा दहा फूट खणायचा ठरला होता. ती टेकडी सगळी मुरमाची. साडेपाच फुटांवर खडक लागला. खडक फोडायला यंत्र आणायचं तर दोन दिवस मोडणार, शेठ म्हणणार याला एकट्याला जमलं नाही. मग मी काय केलं, लांबच्या मळ्यातून आणलेल्या काळ्या मातीत दोन पोती जाडं मीठ कालवलं, सगळ्या खड्ड्यात तीच भरली आणि वरून टँकरचं पाणी सोडलं. मिठाच्या ओल्या मातीत आकडा झकास येतो. तीन आला. मी वहीत तीन लिहिला, खोली दहा फूट लिहिली, वर शहाबादी फरशी टाकली आणि बार्शीला गेलो.

म्हणजे आकडा कधीतरी बिघडणार हे मला माहीत होतं. पण मीठ पावसानं झिरपून जातं, तेही दोन-तीन वर्षांनी. इथं पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. मग मीठ गेलं कुठं?

मी फरशीकडे बघितलं. फरशीवर रांगोळी होती. चार बोटं हळद, चार बोटं कुंकू, एक सुकलेलं झेंडूचं फूल. अर्थिंगच्या खड्ड्याची पूजा केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. पाय ठेवायचा की नाही, तेही कळेना.

जयमाला चहा घेऊन आली. कप हातात देऊन लगेच गेली नाही.

"दादा, तुमच्यात घट बसवतात?"

"बसवतात की. आम्ही फुलारी. आई फुलं विकते. नवरात्रात निम्म्या गल्लीच्या माळा आमच्याच घरनं जातात."

"माती कुठली घेता?"

"भोगावतीच्या काठची."

"इथं सगळा मुरूम," ती म्हणाली. "आत्या दरसाल मळ्यातनं आनायच्या. औंदा त्यांचं गुडघं दुखत होतं." ती फरशीकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं, कशाची तरी वाट बघितल्यासारखं, आणि आत गेली. मला वाटलं, बिचारीला बोलायला कुणी नाही म्हणून बोलली असेल.

चहा संपवून मी पहारीनं फरशी उचलली. खाली माती नव्हती. म्हणजे होती, पण हात कोपरापर्यंत घातल्यावर लागेल इतक्या खाली. खड्ड्यातल्या सळईचा वरचा हातभर भाग उघडा, आणि कडेनं खुरप्याचे ओरखडे. मी चक्रावून गेलो. तांबं चोरणारे चोर मला माहीत होते. इथं तांब्याची सळई आणि पट्टी जागच्या जागी, आणि माती गेलेली. माती कोण चोरतं?

"आरं, ये की आत," काकूंची हाक आली. "तुझ्या डोळ्यांनी बघ."

मी हातपाय धुऊन देवघरात गेलो. अखंड दिवा तेवत होता. घटावर सहा माळा एकीखाली एक लोंबत होत्या. खाली पत्रावळीवर काळ्या मातीचा थर, मध्ये मातीचं मडकं. मातीत एक हिरवा ठिपका नव्हता. आणि तिच्यावर, मडक्याच्या कडेनं, पांढरी साय धरली होती.

"आता माती तर किती ग्वाड," काकू म्हणाल्या. "तूच म्हनला हुतास. मळ्यातली हाय, सोनं हाय काकू सोनं."

म्हटलं होतं खरं. खड्डा भरताना त्या शेजारी येऊन बसल्या होत्या, आणि तरणाताठा गडी फुशारकी मारतो तशी मी मारली होती. मिठाची पोती मात्र त्या जेवायला गेल्यावर फोडली होती.

"काकू, ही माती..."

"तुझ्याच खड्ड्यातली. फुकट न्हाई घेतली. हळदीकुंकू वाहिलं, भुईला नमस्कार केला, मग खुरपं लावलं. बायकांना म्हनलं, कशाला उन्हातानात मळ्यात जाताय, आमच्या दारात सोनं पडलंय. सात घरांना मी माझ्या हातानं पाट्या भरून दिल्या."

मी खाली बघितलं. सगळं एका क्षणात कळलं, आणि कळलं ते कळायला नको होतं असं वाटलं. खारट मातीत सात धान्यं पेरली होती. ती काय उगवणार? आणि तीन दिवस या घरात जिचं पाऊल वाईट ठरत होतं ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती.

मिठाचं मी सांगितलं नाही. "बरं," म्हणालो आणि पाना घेऊन गच्चीवर गेलो.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला नीट आठवतं. मी मुळीच गोंधळलेला नव्हतो. काठी उतरवली की खड्डाही गेला, वहीतला आकडाही गेला, दहा फूट खोलीचं खोटंही गेलं. काकूंना हवं तेच मी करणार होतो. कुणाला कधी कळणार नव्हतं. सून येरमाळ्याला जाईल नाहीतर राहील, तो त्यांच्या घरातला मामला. असं मी स्वतःला समजावत पहिला नट सैल केला.

चार वाजले असतील. उत्तरेकडून डोंगराच्या मागून ढग वर येत होते, काळे आणि बुडाशी तांबूस. वारा पडला होता. खाली फाटकाशी बायका जमायला लागल्या. वायरमन काठी उतरवायला आलाय ही बातमी सात घरी पोचली होती.

जयमाला वाळत घातलेला उडीद गोळा करायला वर आली. ती खाली बसून दोन्ही हातांनी उडीद सुपात भरत होती आणि माझ्याकडे न बघता बोलत होती.

"माझा भाऊ बांधावर उभा हुता. असंच आभाळ. आईनं हाक मारली, तो म्हनला येतो. तेवढंच."

मी दुसऱ्या नटाला पाना लावला.

"काढा दादा. तुम्हाला काढायची असंल तर काढा. पर एक सांगते, मी ती माती चौथ्या माळंला चाखली."

माझा हात थांबला.

"मग सांगितलं का न्हाई?"

"कुनाला सांगू? आत्यांनी आपल्या हातानं सात घरी वाटली. माझ्या तोंडातनं निघालं असतं तर म्हातारीनं वसाहतीत तोंड कुठं दाखवलं असतं? आन् माझ्यावर इस्वास तरी कुनी ठेवला असता? म्हनले असते, सासूवर उलटली." ती उठली आणि सूप कमरेला लावलं. "मीठ तुमचं हाय. म्हून मी तुमची वाट बघत हुते. फोन मीच करायला लावला आत्यांना. म्हनलं, काठी काढायला का हुईना, पर बोलवा त्यांना."

ती जिन्यानं खाली गेली. मी त्या काठीला धरून उभा राहिलो. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. बिनघोर राहा म्हणून मी जिला सांगितलं होतं, ती माझ्यामुळे तीन दिवस बोलणी खात होती, आणि तरी मला तोंड उघडायला जागा ठेवत होती.

मी खाली उतरलो. अंगणात काकू, सात घरच्या बायका आणि दाराशी जयमाला. सगळ्यांना वाटलं मी काहीतरी सामान न्यायला आलो.

"काकू, घट काठीनं न्हाई जळले," मी म्हणालो. "मातीत मीठ हाय. दोन पोती. मी घातलंय."

मी फाटकाजवळच्या उघड्या खड्ड्याकडे बोट केलं.

"खड्डा दहा फूट पायजे होता. मी साडेपाचच खणला. आकडा चांगला यावा म्हून मीठ कालवलं आन् कुनाला सांगितलं न्हाई. तुम्ही ती माती घ्याल हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. चूक माझी हाय. काठीची न्हाई, तुमची न्हाई, ताईंची तर मुळीच न्हाई."

"कायबी सांगतोय," मागून एक बाई म्हणाली. "काठी वाचवायला बोलतोय ह्यो."

काकू उठल्या. गुडघ्यावर हात देत आत गेल्या आणि घटाच्या कडेची चिमूटभर माती घेऊन बाहेर आल्या. ती त्यांनी तळहातावर धरली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"काकू, तुमचा अळणी उपास हाय," मी म्हणालो. "दुसऱ्या कुनाला तरी चाखू द्या."

"आत्या, नगा," जयमाला पुढं आली. "मोडंल."

काकूंनी माती जिभेवर ठेवली. त्यांचा चेहरा आंबट-तुरट काही झाला नाही, नुसता थांबला. मग त्यांनी पदरानं ओठ पुसले.

"खारट हाय," त्या बायकांना म्हणाल्या. "माती मी वाटली, तवा मीच सांगते. सगळ्यांनी आपापल्या घरी जाऊन देवीची माफी मागा, आन् माझ्यावर काय राग काढायचाय तो दसरा झाल्यावर काढा." मग सुनेकडं वळल्या. "उपास आत्ता न्हाई मोडला. तुझ्या पावलाला नाव ठेवलं तवाच मोडला."

जयमाला रडायला लागली. काकूंनी तिला गप्प केलं नाही की जवळही घेतलं नाही. माझ्याकडे वळून त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "आता ह्या आभाळाचं काय करायचं ते सांग."

आणि मग मला ती काठी उतरवावीच लागली. खाली जमिनीत वाट नसताना वर काठी ठेवणं हे न ठेवण्याहून वाईट. मी ते सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. पॅनेलांची बटणं बंद केली, काठी आडवी करून पट्टी सोडली आणि म्हणालो, "दसऱ्याला परत उभी करीन. खडक फोडून."

पाऊस सुरू झाला तेव्हा मी निघू शकलो नाही. आम्ही तिघं मधल्या खोलीत बसलो. वीज डोंगरामागं कडाडली तशी जयमालानं दोन्ही कानांवर हात दाबून मान गुडघ्यात घातली. काकू सरकत तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या कानांवरच्या हातांवर आपले हात ठेवले. तासभर तशाच बसल्या. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, कारण मला तिथं बसायचा काही हक्क नव्हता.

शेठला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी कामावरून काढलं नाही, पण पुढं बरेच दिवस गोदामात नट-बोल्ट निवडायला बसवलं. दसऱ्याच्या आधी मात्र खडक फोडायचं यंत्र आणि दोन माणसं दिली. आम्ही दहा फूट खाली गेलो. नवी माती आणली. तिला मीठ लावलं नाही. आकडा पाच आला. तीन नाही, पाच. पण तो त्या जमिनीचा खरा आकडा होता, आणि वहीत मी तोच लिहिला. काकू खड्ड्याच्या काठावर पाट टाकून शेवटच्या पाटीपर्यंत बसून राहिल्या. जेवायलासुद्धा उठल्या नाहीत. काठी उभी राहिली तेव्हा जयमालानं तिच्या बुडाला आपट्याची दोन पानं ठेवली.

पुढल्या वर्षी नवरात्रात चौथ्या माळेला सकाळी माझा फोन वाजला. मी बार्शीत आईच्या दुकानात झेंडू निवडत होतो.

"रामलिंगा," काकू म्हणाल्या, "गहू दोन बोटं झालाय."

मला फार आनंद झाला. "लय बरं झालं काकू. माती कुठनं आणली औंदा?"

"कुठनं म्हंजे? तुझ्याच खड्ड्यातनं. दोन वंजळी घेतल्या. बघावं म्हनलं, पोरगं खरं बोललं का."

मी त्यांना रागवायला हवं होतं. त्या खड्ड्याला कुणी हात लावायचा नाही, हे मी त्यांना शपथ घालून सांगितलं होतं. मी फुलं आईच्या पुढ्यात सारली, पाटीभर काळी माती पोत्यात घातली, पोतं मोटारसायकलला बांधलं आणि खड्डा भरायला भूमला गेलो.